सान्यातला कवडसा: घर, आठवण आणि आपलेपणाची कविता लिहिताना

घरावर कविता लिहायला बसलं की हात आपोआप ओळखीच्या शब्दांकडे जातो. माती, माय, अंगण, तुळस. माझाही गेला होता. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि पाला, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. १९९३च्या भूकंपात ते पडलं नाही, पण भिंतींना भेगा गेल्या. पुढे माळवद उतरवलं, भिंती पाडल्या आणि त्याच जागेवर स्लॅबचं घर उभं राहिलं. मी तोवर पिंपरीला आलो होतो. जुन्या घरावर मी पहिल्यांदा लिहिलं ते असं:

आठवते ते घर मातीचे, मायेने सारवलेले,
तुळशीपाशी अंगणात त्या बालपण हरवलेले.

या ओळी मी बरेच दिवस जपून ठेवल्या होत्या. मग एकदा शांतपणे वाचताना लक्षात आलं की आमच्या अंगणात तुळस नव्हतीच. अंगणात दगडी डोणी होती, बैलांना पाणी पाजायची. तुळस माझ्या घरातून आली नव्हती, ती वाचलेल्या कवितांतून आली होती. आणि डोणी, जी तिथं खरोखर होती, तिला कवितेत जागाच मिळाली नव्हती.

त्या दोन ओळींपासून मी हळूहळू दुसऱ्या एका कवितेपर्यंत पोचलो. वाटेत जे जे केलं ते इथं क्रमानं मांडतो. तुमचं घर वाड्यातलं असो, चाळीतलं, रेल्वे क्वार्टरमधलं किंवा न्यू जर्सीतलं, हे सगळं करून बघता येईल. एक वही, पेन्सिल आणि आठ-दहा दिवस हाताशी ठेवा. एका बैठकीत उरकायची ही गोष्ट नाही.

कामापासून सुरुवात करा

पहिल्या दिवशी 'घर' हा शब्द लिहायचाच नाही. घरात होणारं एक काम निवडायचं आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढायचं.

याचं कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत घराची कविता सगळ्यात आधी कुणी केली असेल, तर ती जात्यावर बसलेल्या बायकांनी. लग्न होऊन परक्या घरी आलेली बाई पहाटे उठून दळायला बसते, एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानं जात्याच्या तोंडात मूठ टाकते, आणि गाते ते सोडून आलेल्या घराविषयी. भाऊ, आई, माहेरची वाट. आठवण काढायला तिला वेगळा वेळ मिळत नव्हता. आठवण आणि दळण एकाच वेळी चालायचं, म्हणून त्या ओव्यांमध्ये हात दिसतो, पीठ दिसतं, श्वास लागलेला ऐकू येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी मूळ आवाजात ऐकायला मिळतात. लिहायला बसण्याआधी रोज अर्धा तास त्या ऐका. नुसत्या वाचू नका, ऐका. ओळ कुठे लांबते, 'गं बाई' कुठे येतं, श्वास कुठे घेतला जातो हे कानानंच कळतं.

बहिणाबाई चौधरींचंही तसंच. जळगावजवळच्या आसोद्यात १८८०मध्ये जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करताना त्यांच्या तोंडून गाणी निघत, ती मुलानं आणि जवळच्यांनी टिपून ठेवली, आणि त्या गेल्यानंतर १९५२मध्ये पुस्तकरूपानं आली. त्यांच्या ओळीत वस्तू कधी शोभेला ठेवलेली नसते. ती कुणीतरी वापरत असतं.

तर एक काम घ्या. मी भाकरी घेतली होती. वहीत नुसती क्रियापदं लिहिली: चाळलं, ओतलं, मळलं, रगडलं, गोळा केला, थापली, उचलली, टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, तवा उतरवला, विस्तवासमोर उभी केली, फुगली, काढली, झटकली. एकही विशेषण नाही. ही यादी करताना लक्षात आलं की 'उभी केली' हा शब्द मी कितीतरी वर्षांत वापरलेला नाही. चुलीच्या तोंडाशी भाकरी उभी करतात. गॅसवर ती उभी राहत नाही. एवढ्या एका क्रियापदात आमचं अख्खं स्वयंपाकघर होतं.

गाव नसेल तर काम वेगळं असेल, एवढंच. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत माणसांनी तीन-तीन पिढ्या काढल्या. आता तिथं टॉवर उभे राहताहेत. तिथल्या माणसानं 'चाळीतली माया' लिहिण्याआधी रात्रीची अंथरुणं घालण्याचं काम लिहावं. पलंगाखाली कोण झोपायचं, दाराशी कोण, गॅलरीत कोण, रात्रपाळीवरून येणाऱ्यासाठी जागा कशी राखायची, पहाटे पाणी भरणाऱ्याला कुणाच्या अंगावरून ओलांडून जावं लागायचं. त्या खोलीत कोण कुणाचं होतं, हे अंथरुणांच्या क्रमात सगळं येतं.

वीस मिनिटं लिहा, थांबा, वही मिटा.

फोन करा, पण 'आठवतं का' असं विचारू नका

दुसरा दिवस दुसऱ्या माणसाचा. तुमच्या आधीपासून त्या घरात असलेलं कुणीतरी: आई, आत्या, काका, शेजारची आजी. त्यांना "आपलं जुनं घर आठवतं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "आठवतं की, काय दिवस होते ते!" आणि बोलणं तिथेच संपतं. आठवणीबद्दल विचारलं की माणूस भावना सांगतो. कामाबद्दल विचारलं की घर सांगतो.

गळती कशी काढायची? पाहुणा आला की कुठं बसवायचे? बाळंतीण कुठल्या खोलीत? चिमणी-कंदिलाच्या काचा कोण पुसायचं, कशानं? असे प्रश्न लिहून घेऊनच फोन करावा. माझ्या आत्याशी झालेलं बोलणं मी त्याच रात्री जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं:

"आत्या, जुन्या घरात घड्याळ कुठं होतं गं?"

"घड्याळ? कुनाच्या घरात हुतं रं तवा घड्याळ!"

"मग आजीला कळायचं कसं, रानात भाकरी कधी न्यायची ते?"

"सान्यातून ऊन पडायचं की. उतरंडीवर कुठवर उतरलं ते बघायची आन् उठायची."

"आणि ढगाळ असलं तर?"

"ढगाळ असलं तर यष्टी. यष्टीचा आवाज आला की टायम कळायचा. पर यष्टीचं काय खरं न्हाई. उनाचं खरं."

सानं म्हणजे माळवदाला ठेवलेलं भोक, धूर जायला आणि उजेड यायला. कुठं त्याला सवणं म्हणतात. पावसात त्यावर घमेलं पालथं घालायचे. ते मी कितीदा पाहिलं होतं, त्यातून पडणाऱ्या कवडशात हात घालून धुळीचे कण पकडायचो. पण तो कवडसा घराचं घड्याळ होता हे मला कधीच माहीत नव्हतं. सकाळी ऊन पश्चिमेच्या भिंतीवर उंच पडायचं आणि सूर्य जसा वर येईल तसं खाली उतरायचं. त्या भिंतीला लागून उतरंड होती, एकावर एक रचलेली मडकी. दुपारी कवडसा भुईवर यायचा. दिवस कलला की समोरची पूर्वेची भिंत चढू लागायचा.

त्या फोननंतर माझी कविता मला सापडली असं म्हणता येईल. ती माझ्या आठवणीत नव्हती, आत्याकडे होती.

दोन सूचना. बोलणं रेकॉर्ड करणार असाल तर आधी सांगून करा. आणि त्यांचा शब्द जसा आला तसा लिहा. 'यष्टी'चं 'एसटी' करू नका, 'हुतं'चं 'होतं' करू नका. शुद्ध करायचं की नाही हे कविता लिहिताना ठरवता येतं. पण एकदा शुद्ध करून लिहिलेलं पुन्हा बोलीत नेता येत नाही, कारण तोवर तो आवाज कानातून गेलेला असतो.

घराचा नकाशा

हे काम छोटं आहे. कागदावर घर वरून पाहिल्यासारखं काढा: दार, ढेळज (दाराशी असलेली बसायची ओसरी), अंगण, माजघर, चूल, बळद, न्हाणी, देवळी. चाळ असेल तर खोली, मोरी, मांडणी, खिडकी, गॅलरी. आता जिथं हात अडखळतो तिथं पेन्सिलनं गोल करा. मला बळदाच्या आत काय होतं ते काढता येईना. भिंतीतली ती धान्याची कोठी, आत अंधार, आम्हा पोरांना तिकडे जायला मनाई. मी तिथं गोल केला आणि रिकामा सोडला.

हे गोल भरण्याची घाई करू नका. कवितेत 'मला माहीत नाही' असं म्हणता येतं, आणि पुष्कळदा तीच ओळ सगळ्यात खरी निघते.

झिजलेले शब्द, आणि '-आयचं'चा पूर

आता पहिला खर्डा लिहा. जसा येईल तसा, न थांबता. मग दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन बसा.

काही शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत: मायेची ऊब, मातीचा गंध, गोधडी, ओलावा, सारवलेलं अंगण, कौलारू घर, आजीच्या हाताची चव. यातला एकही शब्द वाईट नाही. पण तो वाचला की वाचक तुमच्या घरात येत नाही, आधी वाचलेल्या दहा कवितांच्या घरात जातो. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा की हे आमच्याकडे नेमकं कसं होतं. आमची वाकळ होती, गोधडी म्हणत नव्हते. ती ऊब देण्यापेक्षा जड होती, अंगावर घेतली की कूस बदलता यायची नाही. हे लिहिलं की वाकळ माझी झाली.

दुसरी गोष्ट व्याकरणाची आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आठवणींवर लिहिताना मराठी माणसाच्या वाक्याला '-आयचं' लागतं. आजी उठायची, दळायची, गायची, आम्ही खेळायचो, पाऊस पडायचा, घर गळायचं. एका ओळीत ठीक आहे. दहा ओळी अशा आल्या की घरात काहीच घडत नाही, सगळं नुसतं होत राहतं. रीतिभूतकाळात माणसं धुक्यातल्यासारखी दिसतात.

खर्ड्यातल्या सगळ्या '-आयचं'खाली रेघ मारा. मग त्यातल्या निम्म्यांचा साधा भूतकाळ करा, म्हणजे एका विशिष्ट दिवशी एकदाच घडलेलं: 'घर गळायचं'ऐवजी 'त्या रात्री घर गळलं, आईनं परात माझ्या पायाशी ठेवली'. उरलेल्यांचा वर्तमानकाळ करून बघा: 'आजी उठते, दळते'. वर्तमानकाळात मेलेली आजी पुन्हा कामाला लागते. एवढं एक केलं तरी निम्मी कविता सुधारते, हे मी स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या खर्ड्यांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

'आठवतं' हे क्रियापदही काढून टाका. भूतकाळातलं सांगताय म्हणजे आठवतंच आहे.

घरी आणि घरात, आमचं आणि आपलं

आपलेपणावर लिहायला मराठीसारखी सोय फार थोड्या भाषांत असेल. दोन जोड्या नीट बघा.

'मी घरात गेलो' आणि 'मी घरी गेलो'. पहिल्यात नुसत्या भिंती आहेत. कुणाच्याही घरात जाता येतं. 'घरी' जायला ते घर आपलं असावं लागतं, तिथं कुणी वाट बघणारं असावं लागतं. विकलेल्या घरात नवा मालक बोलावतो, चहा देतो, आपण घरात जाऊन येतो. घरी जाता येत नाही. अख्खी कविता या दोन प्रत्ययांवर उभी राहू शकते.

दुसरी जोडी 'आमचं' आणि 'आपलं'. 'आमचं घर' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपलं घर' म्हटलं की तो आत येतो. नवी सून किती दिवस 'तुमच्याकडे' म्हणते, कधी 'आपल्याकडे' म्हणायला लागते, आणि माहेरी आल्यावर नकळत 'आमच्याकडे असं नाही करत' असं म्हणून आईला क्षणभर गप्प करते. हे सगळं सर्वनामांत घडतं. वाटणी झाली की दोन भाऊ एकाच भिंतीला 'आमची भिंत' म्हणतात आणि 'आपली' शब्द त्या घरातून जातो. खर्डा हातात घेऊन प्रत्येक 'आमचं', 'आपलं', 'माझं' तपासा. मुद्दाम बदलून बघा. अर्थ कुठं सरकतो ते लगेच जाणवतं.

इथंच एक अवघड काम करायचं असतं. घर 'आपलं' कुणाकुणाचं होतं? आजी त्या घरात सून म्हणून आली होती. तिचं पहिलं घर दुसऱ्या गावात होतं आणि त्याबद्दल तिला कुणी कधी विचारलं नाही. आमच्या ढेळजेपर्यंत येऊन थांबणारी माणसं होती. त्यांना पाणी वरून ओतलं जायचं. मी लहान असताना ते पाहिलं आहे. ढेळजेच्या गारव्यावर सुंदर ओळी लिहिताना ती थांबलेली माणसं ओळीतून गाळली, तर ती कविता खोटी. दलित कवितेनं मराठीला हे स्पष्ट दाखवून दिलं की गावकुसाच्या आत आणि बाहेर 'गाव' या शब्दाचा अर्थ एक नसतो. तुमच्या नकाशावर, कोण कुठपर्यंत येऊ शकायचं, त्याच्या रेघा मारा. मन जड होईल. तरी मारा.

आणि घरानं दिलेलं भय. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जमीन हलली. हजारो माणसं गेली. जास्त करून ती घरांखालीच गेली. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच मातीचं माळवद, त्याच दगडमातीच्या भिंती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली पन्नासच्या वर गावं पुढे नव्या जागी वसवली गेली, सरळ रस्ते, आखलेले प्लॉट. आमच्या गावात घरं उभी होती तरी माणसं कितीतरी दिवस बाहेर झोपली. आजी बाजेवर पडून माळवदाकडे बघत राहायची. ज्या छपराखाली तिनं जन्म काढला त्याची तिला भीती वाटायला लागली होती.

तुमच्या घरालाही अशी दुसरी बाजू असेल: मार, कर्ज, दारू, कुणाचं तरी न बोललं गेलेलं मरण. सगळं एका कवितेत मावणार नाही, मावायला नकोही. पण लिहिताना ते माहीत असू द्या. ते माहीत असलं की गोड ओळसुद्धा वेगळ्या वजनानं उतरते.

ओवी, अभंग की मुक्तछंद

वृत्तं जमत असतील तर तुम्हाला इथं सांगण्यासारखं फारसं नाही. नसतील तर अक्षरछंदापासून सुरुवात करा. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, फक्त अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. मोठ्या अभंगात चार चरण: सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. कवडशावर मी हे करून पाहिलं:

सान्यातून ऊन । उतरे भुईला ।
सांगते आजीला । किती झाले ॥

गाडग्यामागून । गाडगे उजळे ।
भाकरीचे गोळे । थापी आजी ॥

चौथा चरण आखूड असल्यामुळे वाक्य थांबवावंच लागतं. 'किती झाले' इथं थांबल्यावर एक शांतता पडते, ती मला आवडते. अभंगाची शिस्त ही की चार अक्षरांत पसारा करता येत नाही.

जात्यावरची ओवी याहून सैल. दोन ओळी, शेवटी यमक, अक्षरं गाताना कमीजास्त होतात:

दळताना गं माझा खुट्यावरी हात
माहेराची वाट बाई जात्याच्या फेऱ्यात

जात्यावर कधी न बसलेल्या माणसानं ओवी लिहावी का? सरावासाठी जरूर लिहावी, कान तयार होतो. पण शंभर वर्षांपूर्वीच्या बाईचा आवाज काढून ती स्वतःची कविता म्हणून मांडू नये. मी अभंग आणि ओवी दोन्ही वहीतच ठेवली आणि कविता मुक्तछंदात लिहिली, कारण मला माळवद उतरवल्यानंतरचंही सांगायचं होतं आणि ते आजच्या बोलण्यातच येत होतं. मुक्तछंदात ओळ कुठं तोडायची हा एकच प्रश्न असतो. मोठ्यानं वाचा, आणि डोळा जिथं पुढच्या वस्तूवर जातो तिथं तोडा. ओळ तोडून वाक्य अवघड करायचं नाही, नजर हलवायची.

कविता

मधले चार खर्डे देत नाही. पहिल्यात आजीचे सुरकुतलेले हात होते, ते काढले. दुसऱ्यात यष्टी होती. मला फार आवडत होती, पण ती आली की कवडसा मागे पडत होता, म्हणून तिला दुसऱ्या कवितेसाठी राखून ठेवलं. तिसऱ्यात शेवटी 'काळ कुणासाठी थांबत नाही' अशा अर्थाची ओळ होती. ती काढल्यावर कविता दोन दिवस अपुरी वाटली. मग पुढच्या वेळी गावी गेलो आणि आत्याला सहज वेळ विचारली. तिनं जे केलं तेच शेवटी लिहिलं.

वरून तिसऱ्या मडक्याला ऊन लागलं
की आजी भाकरी फडक्यात बांधते.
डोईवर टोपलं, दाराला कडी.
आत कुणी नाही.
कवडसा एकटाच भुईवर येतो,
जात्याला वळसा घालतो,
समोरची भिंत चढू लागतो.
देवळीपर्यंत पोचायच्या आत विझतो.
तिथून पुढे दिवा.

माळवद उतरवलं त्या दिवशी
सगळ्या घरात ऊन पडलं.
एवढं, की वेळ कळेना.

आत्याला किती वाजले विचारलं
तर ती अजून आधी भुईकडे बघते,
मग मनगटाकडे.

यात घर हा शब्द एकदाच आहे. आठवण नाही, माती नाही, माया नाही. 'सानं' हा शब्दसुद्धा शेवटी आला नाही. तो शीर्षकात ठेवला. ज्याला माहीत नाही त्याला कवडशावरून आणि माळवदावरून अंदाज येतो, तेवढा पुरे. बोलीतल्या शब्दाखाली तळटीप देण्यापेक्षा शेजारची ओळ अशी लिहावी की अर्थ उमगेल. 'देवळी' शब्दाच्या लगेच पुढे 'दिवा' आहे तो त्याचसाठी. आणि मधल्या कडव्यात क्रियापद बदललं आहे, बघा: आजी वर्तमानकाळात आहे, माळवद भूतकाळात उतरवलं जातं, आत्या पुन्हा वर्तमानात. काळाबद्दल एक शब्दही न लिहिता तो कवितेत यावा, यासाठी हे केलं.

ज्यांचं घर, त्यांना वाचून दाखवा

कविता कुठं पाठवायच्या आधी, कुणा जाणकाराला दाखवायच्याही आधी, ज्यांच्याकडून ती घेतली त्यांना वाचून दाखवा. चांगली झाली का, असं विचारू नका. बरोबर आहे का, असं विचारा. काही ओळींमुळे कुणाचं मन दुखावणार असेल तर ते इथंच कळतं. मग ती ओळ ठेवायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, पण त्यांच्या तोंडावर वाचून ठरवायचं.

मी आत्याला फोनवर वाचून दाखवली. सावकाश, दोनदा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "तिसऱ्या न्हाई रं बाळा. चवथ्या."

"काय चौथ्या?"

"मडकं. भाकरी चवथ्या मडक्याला. तिसऱ्याला ऊन आलं की शेरडं सोडायची."

मी वही ओढली. आता कविता अशी सुरू होते:

वरून तिसऱ्या मडक्याला ऊन लागलं
की शेरडं सुटतात.
चौथ्याला लागलं
की आजी भाकरी फडक्यात बांधते.